विषय: बॅटरी ट्रॅक्टरच्या पेटीतले उघडे टर्मिनल, पाचवी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. तक्रार क्रमांक चार वेळा सांगून झाला आहे, तुमच्या संगणकात असेलच.

द्राक्षबागेत फवारणीसाठी तुमचा बॅटरी ट्रॅक्टर घेतला. सीटखाली 12 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला पुढची अशा साखळीने जोडलेल्या, म्हणजे 72 व्होल्ट. चार्जिंगला लावल्या की 86 च्या आसपास. हे तुम्हाला सांगायला नको, गाडी तुम्हीच बनवली आहे. पण बॅटऱ्या तीन-तीनच्या दोन ओळींत अशा बसवल्यात की पहिलीचा निगेटिव्ह आणि सहावीचा पॉझिटिव्ह शेजारी येतात. मधे चार बोटं जागा. टर्मिनलवर टोपी नाही. वर तुमचीच पुस्तिका सांगते, दर महिन्याला टर्मिनल घट्ट करा. खबरदारी काय, तर चावी बंद ठेवा.

चावी बंद होती. आणीबाणीचं लाल बटणही दाबलेलं होतं. पुतण्याने तेराचा पाना लावला, तो घसरला आणि त्या दोन टर्मिनलवर आडवा पडला. वेल्डिंगला होतो तसा लखलखाट झाला. पान्याचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं झालंय. अंगठा आणि शेजारचं बोट भाजलं. हातातलं कडं मी आधीच काढायला लावलं होतं म्हणून मनगट वाचलं. ती माझी सवय, तुमची सूचना नव्हे. नुकतंच चार्जिंग संपून पेटीत हायड्रोजन, म्हणजे ठिणगीने भडकणारा वायू, साचलेला असता, तर हे पत्र लिहायला मी नसतो.

आता आजचा फोन. आधी एक मुलगी होती. "काका, चावी बंद होती ना? मग करंट येणारच नाही." मी म्हटलं, बाई, चावीने मोटरकडे जाणारी लाइन तुटते, बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. मग बराच वेळ गाणं वाजलं. मग साहेब आले. "बॅटरीचा शॉक लागत नसतो काका, डीसी असतं ते." 60 व्होल्टच्या वरची डीसी गाड्यांच्या नियमात धोक्याची धरतात, हे मी त्यांना सांगितलं. आणि इथे शॉक लागलाच नाही, शॉर्ट झाला, हेही सांगितलं. त्यावर साहेब विचारतात, "पायात रबरी चप्पल होती का?" पाना दोन टर्मिनलवर पडला, साहेब. चपलेवर नाही. थोडं थांबून ते म्हणाले, "काका, घरात कुणी शिकलेलं आहे का? त्यांच्याकडे फोन द्या ना."

31 वर्षं मी वीज मंडळात आणि नंतर महावितरणमध्ये लाइनमन होतो. लाइन बंद आहे असं साहेबाने लिहून दिलं तरी तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावला नाही, म्हणून दोन्ही हात शाबूत आहेत. तरी दिला फोन सुनेकडे. ती एम.एस्सी. आहे. तिला साहेबांनी विचारलं, "मॅडम, चावी बंद होती ना?"

मागतोय काय मी? टर्मिनलवर रबरी टोप्या. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीच्या मधे हाताने उपटता येईल असं एक कनेक्टर, म्हणजे पेटी उघडताच 72 चे 36-36 असे दोन भाग करता येतील. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, त्यात चावी बंद केल्यावरही चार्ज राहतो, तेव्हा किती मिनिटं थांबायचं हे झाकणावर मराठीत लिहा. मराठीवरून आठवलं: तुमच्या पुस्तिकेत "बॅटरीवर पूर्ण आरोप झाल्यानंतर प्लग काढावा" असं छापलंय. आरोप बॅटरीवर नाही, तुमच्यावर आहे. आणि टोप्या! सहा बॅटऱ्यांच्या बारा टोप्या, त्याला असा किती खर्च येतो?

धूर नाही, आवाज नाही म्हणून शिवारातल्या दोघांना मीच हा ट्रॅक्टर घ्यायला लावला होता. परवा त्यांच्या पेट्या उघडून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे टर्मिनलवर बसवून आलो. तुमच्या कारखान्याचं काम पंक्चरवाल्याच्या भंगारातून झालं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि टोप्या आल्या नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 84: वापराच्या पुरेशा सूचना नसल्या तरी उत्पादक जबाबदार असतो. तुमच्याकडे कुणी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

एक ग्राहक
ता. निफाड, जि. नाशिक

ता.क.: पान्याचा फोटो सोबत जोडला आहे. पाना पाठवणार नाही, आयोगापुढे लागेल.