सूचना : गेटपाशी आणि जिन्यात धूम्रपान नको

सर्व सभासदांस नमस्कार.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. ऑफिसात ओढता येत नाही म्हणून लोअर परळच्या या ऑफिसांतली मंडळी खाली उतरतात आणि आपल्या गेटपाशी थांबतात. धूर सरळ खालच्या मजल्यांवरच्या घरांत शिरतो. तळमजल्यावरच्या आजींना दमा आहे, त्यांना भर उकाड्यात खिडक्या लावून बसावं लागतं. हे बघवत नाही. या मंडळींना नीट शब्दांत विनंती करून गेटपासून दूर पाठवायला वॉचमनला सांगितलं आहे.

पण आपलेच काही सभासद रात्री जिन्यात ओढतात, थोटकं कुंड्यांत खुपसतात. मुलं तिथेच खेळतात हो! कृपया आजपासून हे थांबवा. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा.

– सेक्रेटरी