माकडताप : राग माकडावर का?

संपादक महोदय,

काजूचा हंगाम आला की आमच्या दोडामार्ग भागात माकडतापाची चर्चा सुरू होते आणि सगळा राग माकडांवर निघतो. (ती बागेची नासाडी करतात, तो राग वेगळा. तोही खराच.) पण हा ताप माणसाला गोचिडीच्या चाव्यातून येतो. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. माकडही त्याचा आपल्यासारखाच बळी. ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पातेऱ्यात दबा धरून बसतात. पिल्ले तर तिळापेक्षाही बारीक, दिसणार कशी? म्हणून मेलेले माकड ओढून टाकू नये, दुरूनच आरोग्य केंद्राला कळवावे.

दुसरा घोळ औषधाचा. गोचिडीमुळे होणारा टिक टायफस हा रिकेट्सिया जिवाणूचा आजार. त्यावर डॉक्सिसायक्लिन लागू पडते. माकडतापाच्या विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. वेळेवर दाखल होऊन देखरेखीखाली राहणे हाच उपाय. दुकानातून चार गोळ्या आणून वाट बघण्यात मोलाचे दिवस जातात. डॉक्टरांना ‘काजूत गेलो होतो’ एवढे तरी आवर्जून सांगावे.

अंगाला लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल मात्र रुग्ण सापडल्यावर नको, डिसेंबरातच वाडीवाडीत पोहोचावे, ही आरोग्य खात्याला विनंती.

— एक काजू बागायतदार, दोडामार्ग