कोबारपुढच्या रोडहाऊसवाल्या ताईंचे आणि विल्कॅनियाच्या काकूंचे आभार

सिडनीहून ब्रोकन हिलला दादाकडे जायचं होतं, विमान दोघींना परवडणारं नव्हतं म्हणून डब्बोपर्यंत ट्रेन आणि पुढे कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, सोबत आई. जानेवारीतलं ऊन म्हणजे काय विचारू नका. कोबार ते विल्कॅनिया साधारण २६० किमी, मधे गाव असं नाहीच, आणि नेमका तिथेच कोचचा एसी गेला मग इंजिनही. नशीब रोडहाऊस (हायवेवरचा पेट्रोल पंप आणि खाण्याचं ठिकाण) जवळ होतं.

माझं सिम स्वस्तातलं, रेंज शून्य. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी न विचारता आपला टेल्स्ट्राचा (या मोबाइल कंपनीची रेंज तिथे होती) फोन हातात दिला, दादाशी बोलून होईपर्यंत तिकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि वर आठवण करून दिली की ब्रोकन हिलचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे असतं, त्याला तिथली वेळ सांग, नाहीतर अर्धा तास उशिरा येईल.

रोडहाऊसवाल्या ताई किचन बंद करत होत्या, तरी आई मांस-अंडं खात नाही कळल्यावर तवा पुन्हा घासून चीज-टोमॅटोचं सँडविच करून दिलं, पैसे फक्त चहाचे घेतले. शिवाय आईचे पाय सुजलेले बघून बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणली, हे तर मला सुचलंही नव्हतं!

दुसरा कोच खूप रात्री आला. काकू विल्कॅनियाला उतरल्या, तेव्हा आईने सिडनीच्या हॅरिस पार्कमधून घेतलेली चिक्की त्यांच्या हातात कोंबली. तुम्हा दोघींना मनापासून थँक्यू, आईकडून डबल.