नाव चढेपर्यंत खायचं काय? अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अचानक कमाई बंद झालेल्या कुटुंबांना तातडीने शिधा मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या खात्याकडे ‘रेशनच्या धान्याच्या यादीत माझं नाव ऑनलाइन चढवा’ अशा अर्जांचा ढीग असतो. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतले त्यातले बरेचसे अर्ज मीच भरून देते. नाव आज ना उद्या चढेलही. तोवर माणसाने खायचं काय, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे.

रेशनच्या नावाने बोटं मोडायची मला हौस नाही. ज्यांचं नाव प्राधान्य यादीत आहे त्यांना माणशी 5 किलो आणि अंत्योदयवाल्यांना कुटुंबामागे 35 किलो धान्य मिळतं, तेही 2023 पासून फुकट. टाळेबंदीत आमच्या वस्त्या तगल्या त्या बऱ्याच अंशी या धान्यावर. पण ही सगळी रचना वर्षानुवर्षं गरीब असलेल्या, यादीत बसलेल्या माणसासाठी आहे. मागच्या महिन्यापर्यंत बरं चाललेलं घर या महिन्यात कोलमडलं, तर त्याने कुठे जायचं?

एक घर सांगते. नवरा सेंटरिंगच्या कामावर होता. स्लॅबवरून पडला, पायात रॉड घालावा लागला. मुकादमाने सुरुवातीला थोडे पैसे दिले, मग फोन उचलणंच सोडलं. बायको धुणीभांडी करते. दवाखान्यात थांबावं लागल्यामुळे तिचीही बरीच कामं सुटली. रेशनकार्ड आहे, पण ते गावाकडे, सासऱ्यांच्या नावावर. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे धान्य पुण्यातही उचलता येतं खरं, पण गावी दीर पहिल्याच आठवड्यात सगळ्या नावांचं धान्य उचलतो आणि त्यावर म्हातारा-म्हातारी जेवतात. त्यांच्या ताटातलं कसं मागायचं? वेगळं कार्ड काढायचं तर गावच्या तहसिलातून नाव कमी केल्याचा दाखला, इथला भाडेकरार (जो घरमालक करून देत नाही), उत्पन्नाचा दाखला, आणि मग अर्ज. एवढं सगळं करून कार्ड हाती आलं. धान्याचं विचारल्यावर खिडकीपलीकडच्या बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, “इष्टांक शिल्लक नाही. जागा झाली की चढवू.” त्या बाईंना तरी काय बोलणार? इष्टांक म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं याची वरून ठरलेली मर्यादा; ती वाढवणं त्यांच्या हातात नाही.

या काळात त्या घरात काय शिजत होतं ते फायलीत कुठेच येत नाही, म्हणून इथे लिहिते. वाण्याने उधारीची वही मिटली. मग रोजच्या रोज दहाचं तेल, वीसची डाळ, पाव किलो तांदूळ. सुटं घेतलं की सगळंच महाग पडतं, आणि ते गरिबालाच घ्यावं लागतं. सिलिंडर संपला तसे मंगळसूत्रातले मणी गहाण गेले. मुलगा शाळेत खिचडी खायचा, धाकटी अंगणवाडीत. आई सकाळचा चहा आणि कामाच्या घरी मिळालेली कालची पोळी यावर दिवस ढकलायची. नवऱ्याच्या डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रथिनयुक्त आहार’ असा सल्ला होता.

इष्टांकाचं गणित आपल्याला मी शिकवायला नको. तरी वाचकांसाठी सांगते : 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या शहरांसाठी 45.34 टक्के आणि ग्रामीण भागासाठी 76.32 टक्के अशी मर्यादा आली आणि राज्याचा आकडा सुमारे 7 कोटींवर थांबला. हे सगळं 2011 च्या जनगणनेवर बेतलेलं. तेव्हापासून पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं आली, धायरीपासून वाघोलीपर्यंत शहर पसरलं, बांधकामं झाली, ती बांधणारी माणसं आली. आकडा तिथेच. पुढची जनगणना 2027 ची. तिचे आकडे येऊन इष्टांक वाढेपर्यंत आजची अंगणवाडीतली पोरं हायस्कुलात जातील.

उत्पन्नाच्या अटीची तऱ्हा आणखी वेगळी. शहरात प्राधान्य कुटुंब ठरायला वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत लागतं, म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला 162 रुपये. लाडकी बहीण योजनेला हेच शासन अडीच लाखांची मर्यादा लावतं. पंधराशे रुपये देताना गरीब असलेली बाई गहू मागायला आली की श्रीमंत कशी होते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. डिसेंबर 2011 मध्ये लोकसभेत मांडलेल्या अन्नसुरक्षा विधेयकात निराधार, बेघर आणि आपत्तीत सापडलेल्या लोकांसाठी वेगळी कलमं होती. आपद्ग्रस्त कुटुंबांना तीन महिन्यांपर्यंत दोन वेळचं जेवण मोफत द्यावं, असं त्यात लिहिलेलं होतं. 2013 मध्ये कायदा झाला तेव्हा ही कलमं गळाली. पण त्याच कायद्याचं कलम 32 राज्यांना स्वतःच्या अन्नयोजना आखायची मोकळीक देतं. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही. शिवाय 2020 च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्राने यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना 8 रुपयांनी गहू आणि 12 रुपयांनी तांदूळ दिलाच होता, माणशी 5 किलो. त्याच महिन्यांत कार्डच नसलेल्या स्थलांतरितांना केंद्राने 5 किलो तांदूळ फुकट दिला. तेव्हा इष्टांक आडवा आला नाही.

माझी मागणी अशी : तीन महिन्यांची तात्पुरती शिधापावती सुरू करा. कमावत्या माणसाचा मृत्यू, अपघात, मोठं आजारपण, काम सुटणं, घर जळणं किंवा पाण्यात जाणं, यातलं काहीही झालं की माणशी 5 किलो धान्य, सोबत डाळ आणि तेल, जवळच्याच रेशन दुकानातून, अर्ज केल्यापासून आठवड्याच्या आत. खातरजमा अंगणवाडी सेविकेने किंवा आशाताईने करावी. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना तहसीलदारांच्या आधी कळतं. डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला किंवा पंचनामा, यापैकी एक कागद पुरे. खोटे लाभार्थी घुसतील, हा आक्षेप येणारच. येतील थोडे. तीन महिन्यांनी पावती आपोआप बंद होणार आहे, त्यांनी खाऊन खाऊन किती खाल्लं असेल?

धान्य दिलं तरी शिजवायला गॅस लागतो, म्हणून शिवभोजनाबद्दल. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली ही थाळी, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात थाळीमागे उरलेले 40 रुपये शासन देतं. योजना चांगली आहे, पण केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकतात. बचत गटाच्या बायकांनी किराणा उधारीवर आणून सरकारची योजना किती दिवस चालवायची? बिलं दरमहा द्या, आणि मजूर अड्डे, मोठे सरकारी दवाखाने आणि एसटी स्थानकं इथे तरी संध्याकाळची थाळी चालू करा. सकाळी अड्ड्यावर उभा राहून काम न मिळालेल्या माणसाला रात्रीही भूक लागते.

पुराचंही तेच. 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढा फुटल्यासारखा वाहिला, जुलै 2024 मध्ये मुठेचं पाणी एकतानगरीत शिरलं. अशा वेळी पुण्यात पहिली खिचडी मंडळाचे कार्यकर्ते शिजवतात. त्यांचं कौतुक आहेच, पण खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचा इशारा निघतो त्याच क्षणी नदीकाठच्या शाळांमध्ये जेवणाची सोय का लागू नये? शासनाचे गहू-तांदूळ नंतर येतात. पीठ भिजलेल्या, शेगडी वाहून गेलेल्या घरात गव्हाचं काय करायचं?

शेवटचं, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून अंगठा लावून ओळख पटवणं. बोगस नावं जायलाच हवीत. पण भांडी घासून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या, त्या बायकांची नावं त्यासोबत जाऊ नयेत. त्यांचं केवायसी घरी जाऊन, डोळ्यांच्या स्कॅनने करा. आणि नावं कमी झाल्यावर जो इष्टांक मोकळा होतो, तो कुठे जातो ते आम्हाला दिसू द्या. परिमंडळनिहाय (म्हणजे रेशन कार्यालयाच्या विभागानुसार) प्रतीक्षा यादी, अर्जाच्या तारखेसह, प्रत्येक दुकानाबाहेर लावा. आज 1967 या रेशनच्या हेल्पलाइनला फोन केला की ‘तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे’ एवढंच कळतं. आपला नंबर कितवा, हे तरी बाईला कळायला हवं.

तात्पुरत्या पावतीचा शासन निर्णय पावसाळ्याआधी निघावा, ही विनंती. सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल, तर पुणे शहरातल्या एखाद्या परिमंडळात सुरुवात करून बघा. अर्जाचा नमुना कसा असावा हे ठरवताना आम्हा फॉर्म भरणाऱ्यांना बोलवा. एका पानात बसवून देऊ.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे