परिषदेचा निम्मा निकाल ॲब्स्ट्रॅक्टच्या फॉर्मवरच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्री-पुरुषांच्या शरीरांतील जैविक फरक आणि आरोग्य या विषयावर नाशिकमध्ये परिषद भरवावी, अशी चर्चा वैद्यकीय मंडळींत सुरू आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात असल्याने जागा योग्यच. धोका एवढाच, की अशी परिषद बघता बघता स्त्रीरोग परिषद होऊन बसते: पीसीओएस, गरोदरपण, रजोनिवृत्ती, हाडांची ठिसूळता, की आभारप्रदर्शन. हे विषय मोठेच आहेत, पण त्यांच्या वेगळ्या परिषदा होतात. इथे तुलना हवी. ज्या पेपरात तुलना नाही तो घेतला जाणार नाही, असे पहिल्याच पत्रकात छापावे.

नावातही जपून. ‘लिंगभेद’ म्हटले की मराठी वाचकाला पक्षपात, अन्याय आठवतो, जीवशास्त्र नाही. ‘स्त्री-पुरुषांतील जैविक फरक’ हे लांबलचक असले तरी गैरसमज करत नाही. जैविक लिंग आणि लिंगभाव यांची फारकतही आधीच करावी. चुलीच्या धुराने बाईची फुप्फुसे बिघडतात ते चुलीपुढे तीच बसते म्हणून, तो लिंगभाव, म्हणजे समाजाने ठरवलेली भूमिका. त्याच धुराला तिच्या श्वासनलिका वेगळा प्रतिसाद देतात का, हा जैविक प्रश्न. एका पेपरात दोन्ही येऊ शकतात, मात्र कशाबद्दल बोलतो आहोत हे लेखकाला सांगता आले पाहिजे.

उद्घाटनाच्या सत्रात रोजच्या ओपीडीतली उदाहरणे घ्यावीत. झोलपिडेम ही झोपेची गोळी घ्या. 10 मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही गाडी चालवणे धोक्याचे ठरेल एवढे औषध सुमारे 15 टक्के स्त्रियांच्या रक्तात सापडले. पुरुषांत हे प्रमाण 3 टक्के होते. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्त्रियांचा डोस 5 मिलिग्रॅमवर आणला. गोळी तोवर वीस वर्षे बाजारात होती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचेही तसेच. एका प्रचलित हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय चाचणीत वरची मर्यादा पुरुषांना 34 आणि स्त्रियांना 16 नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. रिपोर्टवर 34 ही एकच मर्यादा छापली असेल, तर छातीत अस्वस्थ वाटते म्हणून आलेल्या बाईचा 22 हा आकडा ‘नॉर्मल’ वाचला जातो. म्हणून एक कार्यशाळा फक्त रिपोर्टच्या कागदांवर ठेवावी. प्रत्येकाने आपल्या लॅबचे कोरे नमुने आणावेत आणि हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, फेरिटिन, ट्रोपोनिन यांच्या मर्यादा स्त्री-पुरुषांना वेगळ्या छापल्या आहेत का, चाचणीच्या किटच्या माहितीपत्रकाशी जुळतात का, हे तपासावे. दीड तास पुरतो आणि दुसऱ्या दिवशीपासून उपयोग होतो.

खरे काम ॲब्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे निवडीसाठी पाठवायच्या पेपरच्या सारांशाच्या, फॉर्ममध्ये आहे. 300 शब्दांच्या चौकटीखाली सक्तीचे रकाने हवेत: किती स्त्रिया आणि किती पुरुष घेतले, त्यातले शेवटपर्यंत किती राहिले; लिंगाची नोंद कशावरून केली, केसपेपरवरून, विचारून की गुणसूत्र तपासून; पाळीचा टप्पा, गर्भनिरोधक गोळ्या, रजोनिवृत्ती यांची नोंद आहे का. उंदरांवरचे काम असेल तर नर की मादी, पेशींवरचे असेल तर पेशी मूळ कोणाच्या. लिंगविकासात वेगळेपण असलेल्या किंवा हार्मोन घेणाऱ्या पारलिंगी व्यक्ती अभ्यासात असतील तर त्यांना ‘इतर’ असा एकच डबा देऊ नये. जन्मवेळची नोंद आणि सध्याचे हार्मोन हे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे सरकू नये.

शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि तोच सर्वात जास्त चुकतो: फरकाची थेट चाचणी केली का? समजा, रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास आहे, 90 पुरुष आणि 60 स्त्रिया, दोन्हींत निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लॅसिबो म्हणजे औषध नसलेली गोळी. प्लॅसिबोच्या तुलनेत पुरुषांत दाब 8 मिलिमीटरने जास्त उतरला, पी 0.01 (पी म्हणजे परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या खाली असली तर पुरावा धरायची प्रथा). स्त्रियांत 6 ने, पी 0.11. लेखक लगेच लिहून मोकळा होतो, ‘औषध पुरुषांत लागू पडते, स्त्रियांत नाही.’ प्रत्यक्षात दोन्हींतला फरक 2 मिलिमीटरचा आणि त्या फरकाचा पी 0.7 च्या आसपास, म्हणजे फरक असल्याचा पुरावाच नाही. स्त्रिया कमी होत्या, एवढाच त्याचा अर्थ. ही इंटरॅक्शनची चाचणी आहे आणि ती महाग पडते: मूळ परिणामाएवढाच मोठा फरक पकडायलाही मूळ अभ्यासाच्या साधारण चौपट माणसे लागतात. लहान अभ्यासांना यासाठी नाकारू नये, पण निष्कर्षाची भाषा त्यांनी आवरावी. प्रत्येक ॲब्स्ट्रॅक्टला दोन परीक्षक द्यावेत, त्यातला एक संख्याशास्त्राचा, आणि लेखकाचे नाव दोघांनाही दिसू नये.

नाशिकचा म्हणून एक विषय सुचवतो. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके. आदिवासी समाजांत, तांबड्या पेशींना फुटण्यापासून वाचवणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आढळते आणि त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे कमतरता असते किंवा नसते. बाईकडे दोन, पेशीपेशीत त्यातला एक बंद पडतो, म्हणून एकाच एक्सवर दोष असेल तर एकाच रक्तात काही तांबड्या पेशी धडधाकट आणि काही कमजोर. साध्या स्पॉट टेस्टमध्ये धडधाकट पेशी चमकतात आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियासाठी प्रायमाक्विन हे औषध 14 दिवसांसाठी सुरू होते, कमजोर पेशी फुटतात, लघवी काळपट होते. पुरुषांना पुरणारी चाचणी इथे बायकांना पुरत नाही, एन्झाइमचे प्रमाण मोजणारी लागते. या एका सत्राला एक तास द्यावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना व तंत्रज्ञांना शुल्क माफ करावे.

ॲनिमियावरही बोलावे, पण पुरुषांच्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच पाहणीतले पुरुषांचे 25 टक्के कुणाच्या तोंडी नसतात.

कायद्याची बाब. गर्भ किंवा वारेवरच्या अभ्यासात बाळाचे लिंग जन्मानंतरच्या नोंदीतूनच घेतलेले असावे आणि स्लाइडवर सोनोग्राफीचे असे चित्र नसावे ज्यात ते दिसेल. सोनोग्राफीचे प्रात्यक्षिक ठेवूच नये. पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय मशीन सभागृहात आणता येत नाही आणि या विषयाला ते लागतही नाही.

बाकी व्यवस्था कोणत्याही परिषदेसारखी: दीड दिवस, दीडशे-दोनशे माणसे, एकच सभागृह. दोन सभागृहे घेतली की स्त्रीरोगवाले एकीकडे आणि हृदयरोगवाले दुसरीकडे जाऊन बसतात आणि तुलना तिथेच संपते. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 सोडून द्यावेत. सिंहस्थाच्या अमृतस्नानांत खोली मिळणार नाही आणि रस्ताही. डॉक्टरांना हजेरीबद्दल मिळणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटसाठीचा अर्ज कार्यक्रमपत्रिका पक्की होताच टाकावा. औषध कंपन्यांचे पैसे घ्यायचे तर औषधांच्या प्रचारासाठीची 2024 ची यूसीपीएमपी आचारसंहिता वाचून घ्यावी: प्रवासखर्च वक्त्यांचा चालतो, ऐकायला येणाऱ्या डॉक्टरांचा नाही. वक्ते आणि विषय प्रायोजकाला विचारून ठरवू नयेत, नाहीतर कॅल्शियमच्या गोळ्यांवर तीन व्याख्याने ठरलेलीच.

स्वीकारलेल्या प्रत्येक लेखकाकडून एक तक्ता मात्र आधीच मागून ठेवावा: स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या, सरासरी, प्रमाण विचलन, वेगवेगळे. फरक निघाला नसेल तरीही. परिषद संपल्यावर मागितला तर येत नाही, म्हणून पोस्टरच्या बोर्डाचा नंबर हा तक्ता मिळाल्यावरच द्यावा.

आपले,
वैद्यकीय संशोधन व संख्याशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
नाशिक