तळवे चोळून मगच पाठीला हात लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

ताई,

व्रणाला हात लावण्याआधी तुम्ही दोन्ही तळवे एकमेकांवर चोळता, ऊब येऊ देता आणि "आता हात ठेवतेय हं" असं सांगून मगच ठेवता. आभार मानायचे आहेत ते आधी याचे. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या पाठीला गार हात अचानक लागला की आजूबाजूचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, आणि तपासणारा त्या ताठरपणालाच दुखणं समजून बसतो. हे माहीत असणारे पुष्कळ असतील. पण पहिल्या भेटीला आणि विसाव्या भेटीलाही न चुकता करणारं माणूस आम्हाला एकच भेटलं.

ऑपरेशननंतर महिनोन्महिने पाठ ठणकत राहिली की काय ऐकावं लागतं, ते आम्हा पाठवाल्यांना तोंडपाठ आहे. "स्क्रू जागेवर आहेत, ऑपरेशन यशस्वी आहे." "एमआरआयमध्ये काही नाही, मनातून काढून टाका." "पट्टा बांधा, वाकू नका." नाहीतर थेट, "पुन्हा उघडून बघू." फिल्म उजेडासमोर धरून बोलणाऱ्या त्या मंडळींपैकी एकानेही सदरा वर करून पाठ पाहिली नाही. फाइलवर मात्र 'फेल्ड बॅक' लिहून मोकळे झाले. म्हणजे नापास कोण, तर पाठ! २०२१ मध्ये या दुखण्याला 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप २', म्हणजे ऑपरेशननंतरही टिकून राहिलेलं पाठीचं दुखणं, असं नाव सुचवलं गेलं. उच्चारताना जीभ वळते, पण निदान त्यात कोणावर ठपका तरी नाही.

तुम्ही विचारलंत, "बोटाने दाखवा, नेमकं कुठे?" बोट कमरेच्या खाली, एका बाजूच्या खळीवर गेलं आणि बसून उठताना कळ येत असेल, तर संशय सॅक्रोइलिॲक सांध्यावर, म्हणजे कण्याचा तळ आणि कुल्ह्याचं हाड जिथे जोडलेलं असतं तिथे. वरचे मणके जोडून टाकले की त्यांची हालचाल थांबते आणि ताण खालच्या या सांध्यावर येतो. पायात करंट उतरत असेल तर नसेभोवती व्रणाची जाळी धरलेली असू शकते, किंवा त्याच जागची गादी पुन्हा सरकलेली असू शकते. साध्या एमआरआयमध्ये हे दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन काढावा लागतो. आणि पायात काही नाही, फक्त पाच मिनिटं उभं राहिलं की पाठ थकून जाते, तर मल्टिफिडस. मणक्याला बिलगलेला हा स्नायू ऑपरेशनच्या वेळी बाजूला ओढून धरलेला असतो. नंतर त्याला कामाला लावलं नाही तर तो बारीक होतो आणि त्यात चरबी भरते. पट्टा महिनोन्महिने बांधून ठेवला तर त्याने काम करायचं तरी कधी?

मग तुम्ही स्वतः सतरंजीवर आडव्या झालात आणि उठून दाखवलंत. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कुल्हा एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडता सोडता हाताने रेटा द्यायचा. खांदा आधी वळला आणि कुल्हा मागे राहिला की कमरेला पीळ बसतो. पलंगावरून रोज किती वेळा उठतो ते मोजलं की हा पीळ किती महाग पडतो ते समजतं.

नसेचा व्यायामही तसाच. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, पाय खाली आणताना हनुवटी छातीकडे. १० वेळा, दिवसातून दोनतीनदा. घाईत लोक उलटं करतात: पाय सरळ आणि मानही खाली. मग नस दोन्ही टोकांनी ताणली जाते आणि रात्रभर पायाची आग होते. "नसेला ताणायचं नाही, सरकवायचं," हे तुमचं वाक्य आता घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय उचलायचा, १० सेकंद धरायचा, तसं सहादा, मग चारदा, मग दोनदा. पुन्हा दुसरी बाजू. कमरेवर टॉवेलची घडी ठेवायची. ती घसरली की पाय फार वर गेला.

कातडीवरून हलका विजेचा प्रवाह देऊन दुखणं दाबणारं टेन्सचं यंत्र तुम्ही २०–३० मिनिटंच लावू दिलंत. बधिर कातडीवर नाही, उघड्या जखमेवर नाही आणि पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. दुखणं काही वेळ दबलं की तेवढ्यात चालून घ्यायचं, यंत्राचा उपयोग इतकाच.

चालण्याचा हिशेब तर सावकारालाही लाजवेल असा. तीन दिवस, दुखणं वाढेपर्यंतची मिनिटं लिहायची: १०, १२, ८. सरासरी १०. त्यातली ८० टक्के, म्हणजे ८ मिनिटं, हीच सुरुवात. आठवड्याला १० टक्के वाढ. "बरा दिवस हाच धोक्याचा," असं तुम्ही बजावलं होतंत. बरं वाटतंय म्हणून चाळीस मिनिटं चालायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, यातच निम्मी पाठवाली मंडळी अडकून पडतात.

आणखी एक. लघवी अडली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा ताप येऊन पाठ ठणकू लागली, तर "माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी सर्जनकडे जा" असं तुम्ही पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलंत. प्रीगॅबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हेही त्याखाली लिहिलंत. आपल्या हातचं काय नाही ते आधी सांगणाऱ्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

व्रण पूर्ण भरल्यावर रोज पाच मिनिटं त्यावरून आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल फिरवायला सांगितलं होतंत. ते काम आता घरचे करतात. त्यांना कोणी शिकवलं नाही, पण तेही आधी तळवे चोळतात.

या आठवड्यात आठाची नऊ मिनिटं झाली. आज फार बरं वाटत होतं. तरी नऊच.

तुमचे,
पाठवाले