भाताचे बियाणे तालुका पाहून नको, जमीन पाहून द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, कोकणात भाताचे अनुदानित बियाणे आणि खत तालुक्याच्या लक्ष्यांकाप्रमाणे येते. पण इथे एकाच गावात डोंगराकडे वरकस, खाली पाणथळ खाचरे आणि बांधापलीकडे खाडीकाठची खार जमीन असते. तिन्हींना एकच पिशवी चालत नाही.

वरकस जमीन उथळ, जांभ्याची. पाऊस उघडला की ओल आठवडाभरही टिकत नाही. तिथे रत्नागिरी-३ सारखा १४० दिवसांचा गरवा (उशिरा पिकणारा) वाण गेला, तर ऑक्टोबरात ऐन दाणा भरताना पाणी तुटते आणि लोंबीत पळींज (पोकळ दाणे) उरते. उलट कर्जत-१८४ सारखा शंभरेक दिवसांचा हळवा (लवकर पिकणारा) वाण पाणथळात लावला की सप्टेंबरअखेर पिकतो. खाचरात तेव्हा पाणी असते. भात लोळते, दाण्याला उभ्या पिकातच कोंब येतात. वाण दोन्ही चांगले, जागा चुकलेली.

खारीत तर नुसता दिवसांचा हिशेबही पुरत नाही. तिथे पनवेल-३ सारखा क्षार सोसणारा वाणच हवा. रोप लहान असताना पात्यांचे शेंडे पांढरे पडून करपतात. ते नत्राच्या कमतरतेचे लक्षण समजून युरिया फेकला जातो. खरा उपाय ओहोटीला उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) उघडून खारे पाणी काढणे आणि पावसाचे गोडे पाणी साठवून पुन्हा सोडणे हा आहे. खार जमिनीत पालाश (पोटॅश) बहुधा मुळातच भरपूर असते. तिथे पोटॅशचा सरसकट डोस म्हणजे खर्च वाया.

आता खताचे. सुधारित भाताला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश ही सर्वसाधारण शिफारस. गुंठ्याला सुमारे २ किलो २०० ग्रॅम युरिया, ३ किलोहून थोडे अधिक सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८०० ग्रॅम पोटॅश. युरिया एकदम टाकायचा नाही: ४० टक्के चिखलणीला, ४० टक्के फुटव्याला, २० टक्के पोटरीत (लोंबी पोटात धरताना). जांभ्यातील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणून सुपर फॉस्फेट उशिरा वरून फेकून फारसा उपयोग नाही; ते चिखलणीतच मिसळायला हवे.

पाणी धरणाऱ्या खाचरात युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे ही दोन खते दाबून केलेली गोळी, फार उपयोगी. १५ आणि २५ सेंमी असे आलटून-पालटून अंतर ठेवून जोडओळीत लावणी केली की चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. गोळी वर राहिली की विरघळून पाण्याबरोबर जाते, म्हणून खोचल्यावर भोक चिखलाने बुजवायचे. पण वरकस जमिनीत पाणी भराभर झिरपते, तिथे ही गोळीही खाली वाहून जाते. आणि खारीत रहू (मोड आणलेले बियाणे) फेकून पेरणी होते. ओळीच नाहीत, गोळी खोचणार कुठे? ब्रिकेटचे अनुदान सगळीकडे सारखे वाटू नका.

हे सगळे ठरवायचे तर माती तपासावी लागते, आणि अडते ते इथेच. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत कोरडवाहू क्षेत्रासाठी १० हेक्टरला एक नमुना धरला आहे. आमच्या डोंगरउतारावर १० हेक्टरांत वरकसही येते आणि खारही. त्या मातीची सरासरी कुठल्याच शेताची नसते.

म्हणून विनंती: नमुना जमिनीच्या प्रकारानुसार घ्यावा. वरकस, पाणथळ आणि खार यांची माती एका पिशवीत मिसळू नये. खारीचा नमुना मे महिन्यात घेतला, तर क्षार धुतल्यावर जुलैत विद्युत वाहकता (मातीतल्या क्षारांचे माप) पुन्हा मोजावी. ती ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असली, तर पत्रिकेवर तसे ठळक लिहावे. आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) गावातल्या प्रत्येक प्रकाराचे क्षेत्र गुंठ्यात मागवून त्यावरूनच हळव्या, गरव्या आणि क्षार सोसणाऱ्या वाणांची मागणी बियाणे महामंडळाकडे जावी. पेरणीला बियाणे हवे, तर हा आकडा मार्चपर्यंत तयार हवा.

आपले,
कोकणातल्या भातशेतीत आणि माती परीक्षणात काम करणारे आम्ही